प्रगतीचा अहवाल : निर्णयाचे साधन

प्रकल्प व्यवस्थापनासाठी संगणकीय प्रणालींचा वापर आज शासकीय कार्यालयांत वाढत आहे. ग्रामपंचायतींच्या कामांचे नियोजन, प्रगती व हिशेब नोंदविण्यासाठी २०२० साली ‘ई-ग्रामस्वराज’ ही प्रणाली सुरू झाली. परंतु माहिती भरली म्हणजे काम मार्गी लागले, असे नव्हे. अहवाल वाचून वेळीच निर्णय झाला, तरच त्या श्रमाचे सार्थक होते.

पुणे मेट्रोचे उदाहरण बोलके आहे. तिचे भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले. वनाझ ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी-चिंचवड महानगरपालिका ते फुगेवाडी हे पहिले टप्पे ६ मार्च २०२२ रोजी, तर जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी खुला झाला. खांब, गर्डर, रूळ, वीज व सिग्नल ही कामे परस्परांत गुंतलेली असतात. ती सर्व पुरी होऊनही मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या मंजुरीवाचून प्रवासी वाहतूक सुरू होत नाही. म्हणून ‘बांधकाम पूर्ण’ आणि ‘सेवा सुरू’ या दोन नोंदी वेगळ्या ठेवणे अगत्याचे असते.

हेच तत्त्व गावातील शाळाखोलीलाही लागू पडते. समजा, पायाला २० दिवस, भिंतींना २५ आणि छपराला १५ दिवस लागतात. म्हणजे एकूण ६० दिवस. दारांच्या चौकटी सुताराकडे १८ दिवसांत होतात व त्या पाया पुरा झाल्यावर लागतात. त्यांचे काम पहिल्याच दिवशी सुरू झाले, तर २ दिवसांचा विलंब खपून जाईल. पाया मात्र २ दिवस रेंगाळला, तर सारी खोलीच २ दिवस लांबेल. कोणत्या कामाचा विलंब संपूर्ण प्रकल्पाला भोवतो, हे शोधण्याची ही रीत १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या कामातून विकसित झाली. आजच्या प्रणाली हा हिशेब क्षणात करतात. मात्र कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे, हे माणसानेच नोंदवावे लागते.

अहवालाबाबत तीन पथ्ये पाळावीत. पहिले, मूळ वेळापत्रक मंजूर होताच कायम करावे. सुधारित तारखा त्याच्या शेजारी दाखवाव्यात. मूळ तारखाच पुढे सरकविल्या, तर पडद्यावर सारे हिरवे दिसते आणि विलंब झाकला जातो. दुसरे, खर्च हे प्रगतीचे माप मानू नये. सिमेंट व लोखंड आधीच खरेदी झाल्याने ८० टक्के रक्कम खर्ची पडली, तरी भिंती जोत्यापर्यंतच असू शकतात. प्रत्यक्ष मोजमाप व स्थळाचे छायाचित्र यांवरूनच टक्केवारी ठरवावी. तिसरे, मासिक बैठकीपुढे शंभर ओळींचा तक्ता न ठेवता रखडलेल्या कामांचे एक पान ठेवावे. त्यात काम, विलंबाचे दिवस, कारण, अपेक्षित निर्णय आणि जबाबदार अधिकारी एवढेच रकाने असावेत.

विलंब नोंदविणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला बोल लावला, की पुढील अहवालात विलंब दिसेनासा होतो. काम मात्र तेथेच राहते. पावसाळ्यापूर्वी छप्पर पडणार नाही, ही वार्ता जानेवारीत कळली, तर उपाय करता येतो. जूनमध्ये कळली, तर मुलांना पुन्हा व्हरांड्यातच बसावे लागते.