प्रश्न आपले, उत्तरे रोजच्या ताटातली

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्य आणि आहार या विषयावर मी आज चार शब्द बोलावेत, अशी संस्थेची आज्ञा झाली. मी डॉक्टर नाही. बी. ए., बी. एड. झालेला, मराठी व इतिहास शिकवणारा एक साधा शिक्षक आहे. परंतु शिक्षकाला रोज चाळीस-पन्नास चेहरे पाहावे लागतात, आणि कोणता चेहरा अभ्यास न केल्यामुळे उतरला आहे व कोणता उपाशीपोटी आल्यामुळे, हे काही वर्षांनी त्याला कळू लागते. पंधरा दिवसांपूर्वी आम्ही शाळेत एक पेटी ठेवली आणि नाव न लिहिता आपले प्रश्न तीत टाकावेत, असे सांगितले. बरेचसे प्रश्न सारखेच निघाले. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरसाहेबांच्या नजरेखालून घालून आपणापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न एका आईचा आहे. "माझी मुलगी नववीत आहे. शाळेतून आली की पडून राहते. वर्गातही पेंगते, अशी तक्रार येते. मोबाईलमुळे ती आळशी झाली आहे का?"

मोबाईलचा दोष असू शकतो. या वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी आणि रात्री बारापर्यंत मोबाईल पाहणाऱ्याला ती मिळत नाही. परंतु मोबाईल काढून घेण्यापूर्वी मुलीच्या डोळ्यांची खालची पापणी जरा ओढून पाहा. आतली कड फिकी आहे काय? जिना चढताना तिला धाप लागते काय? तसे असेल तर आळशी म्हणून रागावू नका, तिचे रक्त तपासून घ्या. ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. बारा वर्षांवरील मुलीच्या रक्तात दर डेसिलिटरला किमान १२ ग्रॅम हिमोग्लोबिन असावे. त्याहून कमी असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. म्हणजे दहा मुलींचा एक बाक धरला तर त्यावरच्या जवळजवळ सहा जणी. हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू वाहून नेते. ते कमी पडले की स्नायू थकतात आणि मन एकाग्र होत नाही. आपण मात्र प्रगतिपुस्तकावर 'लक्ष देत नाही' असा शेरा मारून मोकळे होतो.

दुसरा प्रश्न याला जोडूनच आला आहे. "आपण तर मांस-मच्छी खाणारे लोक. मग आपल्या मुलींना रक्त कमी कसे?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. घरात मटण शिजले म्हणजे ते सर्वांच्या पोटात गेले, असे होत नाही. आपल्या पुष्कळ घरांत आधी पुरुष जेवतात, मग मुलगे, आणि शेवटी आई व मुली. तोपर्यंत पातेल्यात रस्सा उरतो आणि बोटी संपलेल्या असतात. मासळीचा मधला तुकडा भावाला, शेपूट बहिणीला. याला कोणी अन्याय म्हणत नाही, कारण आईने तिच्या आईला असेच करताना पाहिलेले असते. प्रत्यक्षात लोहाची गरज कोणाला अधिक? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह पुरते, स्त्रीला मात्र २९ मिलिग्रॅम लागते. मासिक पाळीत दर महिन्याला रक्त जाते, म्हणून हा फरक आहे. ज्याला अधिक हवे त्याच्याच ताटात कमी पडते, असा आपला हिशेब आहे. दस्तरखान एकच मांडावे, सर्वांनी एकत्र बसावे आणि वाढताना मुलीच्या ताटात तुकडा आधी टाकावा. याला एक पैसाही खर्च येत नाही.

दुसरे कारण चहा. जेवणाबरोबर किंवा जेवण होताच घेतलेला चहा अन्नातील लोह शरीराला नीट घेऊ देत नाही. भाजी-डाळीतल्या लोहावर त्याचा परिणाम विशेष होतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. डाळीवर अर्धे लिंबू पिळणे ही नुसती चवीची गोष्ट नव्हे. बीट, डाळिंब लाल असतात म्हणून त्यांनी रक्त वाढते, ही समजूत मात्र रंगावरून झालेली आहे. लोह हवे तर कलेजी, मांस, मासळी, कुळीथ, चवळी, मटकी आणि हिरव्या पालेभाज्या खा. पावसात आपल्या कोकणात टाकळा फुकट उगवतो, परसात शेवग्याचा पाला असतो. पाहुण्यांपुढे वाढायला आपल्याला त्याची लाज वाटते, पण शरीर पाहुणचार पाहत नाही.

तिसरे कारण पोटातील जंत. शौचाहून आल्यावर व जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, पायांत चपला घालणे आणि शाळेत वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी खाणे, एवढे केले तरी पुष्कळ होते.

आता तिसरा प्रश्न. "शाळेत निळ्या गोळ्या देतात. त्या घेतल्याने मुलीला पुढे मूल होत नाही, हे खरे का?"

हे साफ खोटे आहे. ती लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी आहे. तीत ६० मिलिग्रॅम लोह असते आणि ती आठवड्यातून एकदा, दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना, सर्व जातिधर्मांच्या, देशभर दिली जाते. या गोळीमुळे मातृत्वाला धोका नाही. धोका आहे तो रक्तक्षय अंगात घेऊन आई होण्यात. तशा बाळंतपणात आईचा जीव धोक्यात येतो आणि मूल कमी वजनाचे जन्मते. अफवा पसरवणारा त्या वेळी दवाखान्यात आपल्या शेजारी उभा राहत नाही. उपाशीपोटी गोळी घेतली तर मळमळते, म्हणून ती जेवणानंतर घ्यावी, चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये. शौचाचा रंग काळा झाला तर घाबरू नये. रमजानमध्ये ती इफ्तारनंतरच्या जेवणावर घ्यावी. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन फार कमी आहे, तिला आठवड्याची एक गोळी पुरत नाही. तिचा औषधोपचार डॉक्टरांनीच ठरवावा. आणि काही महिन्यांतही रक्त वाढले नाही, तर दुसरे काही कारण आहे काय याची तपासणी करून घ्यावी. माझ्या विद्यार्थिनींनो, शाळेच्या मागच्या गटारात पडलेल्या निळ्या गोळ्या मी पाहिल्या आहेत. त्या कोणी टाकल्या, हे मी विचारणार नाही. पुढच्या सोमवारी तिथे एकही दिसू नये, एवढेच माझे मागणे आहे.

चौथा प्रश्न. "मुलाच्या वाढीसाठी दुधात घालायची कोणती पावडर चांगली? मामा आखातातून डबे पाठवतात, ते द्यावेत का?"

मामांचे प्रेम खरे, पण डब्यावरचा मजकूरही वाचला पाहिजे. डब्यावर घटक पदार्थांची यादी छापलेली असते आणि ज्याचे प्रमाण सर्वांत अधिक, त्याचे नाव आधी असते. पहिल्या दोन-तीन नावांत साखर दिसली तर आपण काय विकत घेतले, ते समजावे. सरबताच्या पावडरीत तर बहुतेक साखरच असते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना कळवले की, अशा पेयांना 'हेल्थ ड्रिंक' या वर्गात ठेवू नये, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात अशी कोणतीही व्याख्याच नाही. पालकहो, जे कायद्यालाही ठाऊक नाही, त्यासाठी आपण महिन्याच्या पगारातून पैसे बाजूला काढतो! त्याच पैशांत अंडी येतात, शेंगदाणे येतात, नाचणी येते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नाचणीला गरिबाची भाकरी म्हणून आपण ताटाबाहेर घातले आणि आता शहरातले लोक तिचीच बिस्किटे महाग भावाने घेतात.

पाचवा प्रश्न अकरावीतल्या एका मुलाचा. "जिमचे सर प्रोटीन पावडर घ्यायला सांगतात. घेऊ का?"

बाळा, आधी हिशेब करू. निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलो वजनाला ५० ग्रॅम झाली. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम, शंभर ग्रॅम मासळीत १८ ते २० ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम मिळतात. डाळ, भाकरी यांतली आणखी वेगळी. वाढत्या वयात आणि व्यायामाला थोडी अधिक लागली, तरी दोन अंडी आणि एक बांगडा ती उणीव भरून काढतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा पावडरी टाळाव्यात, असाच सल्ला दिला आहे. शरीर कमवण्याची तुझी इच्छा चांगली आहे. पण ते व्यायामाने आणि वेळेवरच्या जेवणाने येऊ दे. आणि कोणी इंजेक्शनची गोष्ट काढली तर तिथून सरळ घरी ये.

सहावा प्रश्न पुष्कळांनी विचारला. "रोजे आणि परीक्षा एकत्र आल्या तर काय करावे?"

२०२५ आणि २०२६ साली रमजान बोर्डाच्या परीक्षेच्या दिवसांतच आला. ज्यांनी दोन्ही नीट पार पाडले, त्यांच्याकडून शिकण्यासारखे एवढेच, की सहेरी चुकवू नये. नुसता भात खाल्ला तर लवकर भूक लागते. नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी, अंडे किंवा डाळ, दही, केळे असे काही असावे. सहेरीला पापड, लोणचे, सुकी मासळी नको, दुपारी तहान सोसवत नाही. इफ्तार ते सहेरी या वेळात थोडेथोडे करून आठ-दहा पेले पाणी प्यावे. खजूर आणि पाण्याने रोजा सोडावा. भज्यांची परात रोज लागतेच असे नाही. अवघड विषयाचा अभ्यास सहेरीनंतर, डोके ताजे असताना करावा.

घरातल्या मधुमेही वडीलधाऱ्यांसाठी एक विनंती. रमजानपूर्वी महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने बदलू नका. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. साखर ७० च्या खाली गेली तर रोजा त्याच वेळी सोडावा. आजाऱ्याला दीनने सवलत दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

शेवटचा प्रश्न एका विद्यार्थिनीचा आहे. तो मी तिच्याच शब्दांत वाचतो. "सातवीपर्यंत मी खेळत होते. आता घरचे नको म्हणतात. व्यायाम फक्त मुलांना लागतो का, सर?"

नाही, बेटा. पाच ते सतरा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला रोज सरासरी साठ मिनिटे अंगातून घाम निघेल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. पालकहो, तुमची काळजी मी समजू शकतो. मैदानावर नको वाटत असेल तर घराच्या अंगणात, गच्चीवर दोरीवरच्या उड्या आहेत, बॅडमिंटन आहे. उन्हात थोडा वेळ गेला तर हाडांना ड जीवनसत्त्वही मिळते. शाळेची वेळ संपल्यावर मुलींसाठी अर्धा तास पटांगण राखून ठेवावे आणि देखरेखीला शिक्षिका असाव्यात, अशी विनंती मी याच व्यासपीठावरून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना करतो. आईनेही मुलीबरोबर चालायला निघावे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. मुलीच्या निमित्ताने आईचे आरोग्यही सांभाळले जाईल.

बंधु-भगिनींनो, आपली संस्था वर्गखोल्या बांधते, शिष्यवृत्त्या देते, बाके आणते. पण त्या बाकावर बसणारी मुलगी दमलेली असेल, तर शिक्षक कितीही ओरडला तरी अक्षर तिच्या डोक्यात उतरत नाही. शिक्षणाची निम्मी तयारी घरच्या चुलीपाशी होते. ती संस्थेला किंवा शिक्षकांना करता येणार नाही. ती आपणच करायची आहे. आज रात्री जेवायला बसाल तेव्हा कोणाच्या ताटात काय पडले, एवढे फक्त पाहा.