पाडव्याच्या संध्याकाळची अग्निरेषा

आकाशांतून कांहीं पडूं शकतें, ही गोष्ट बुलढाणा जिल्ह्यांतील माणसाला नवी नाहीं. लोणारचें विवर त्याच्या परिचयाचें आहे. कठीण काळ्या पाषाणांतील सुमारें १·८ किलोमीटर व्यासाचा हा वाटोळा खळगा हजारों वर्षांपूर्वीं अशनीच्या आघातानें पडला. विष्णूनें लवणासुराचा वध केला ती हीच जागा, अशी कथा तेथें सांगतात, आणि गांवांतील दैत्यसूदनाचें मंदिर त्या कथेचें स्मरण देतें. तो आघात पाहून त्याची हकीगत लिहून ठेवणारा मात्र कोणी नव्हता.

२ एप्रिल २०२२ रोजीं पाहणारे पुष्कळ होते. गुढीपाडव्याचा दिवस मावळला होता. रात्रीं पावणेआठच्या सुमारास बुलढाणा, अकोला, जळगांव या भागांतील लोकांना वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारी एक तेजस्वी रांग दिसली. एकामागून एक जळते तुकडे आणि त्यांच्यामागें लांबलेलीं प्रकाशाचीं शेपटें! ही उल्का असावी, अशी पहिली कल्पना होणें स्वाभाविकच होतें.

परंतु उल्केची चाल निराळी असते. ती सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगानें येते आणि बहुधा डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच विझते. ही रांग सावकाश, जवळजवळ आडवी सरकत होती. पृथ्वीभोवतीं फिरणारी वस्तु वातावरणांत शिरते, तेव्हां तिचा वेग सेकंदाला सुमारें ८ किलोमीटर असतो. तिच्यापुढील हवा एकदम दाबली जाऊन अतिशय तापते. सुमारें ८० किलोमीटर उंचीवर धातूचे सांधे निखळतात आणि तुकडे वेगवेगळे जळूं लागतात. इतक्या उंचीवरील प्रकाश शेंकडों किलोमीटरांवरून दिसतो. म्हणून प्रत्येकाला तो आपल्याच गांवावरून गेल्याचा भास होतो.

त्याच रात्रीं चंद्रपूर जिल्ह्यांत, सिंदेवाही तालुक्यांतील लाडबोरी गांवीं, दोनतीन मीटर व्यासाचें धातूचें एक कडें पडलेलें आढळलें. त्या परिसरांत धातूचे पोकळ गोळेहि सांपडले. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. अवकाशांतील वस्तूंच्या कक्षांचा हिशेब ठेवणाऱ्या तज्ज्ञांनीं मेळ घालून पाहिला, तेव्हां तो चीनच्या चँग झेंग ३-बी या अग्निबाणाचा तिसरा टप्पा असावा, असें दिसून आलें. अग्निबाण उडाला होता २०२१ च्या फेब्रुवारींत. त्याचा उपग्रह आपल्या मार्गास लागला. रिकामा टप्पा मात्र वर्षाहून अधिक काळ भ्रमण करीत राहिला, आणि विरळ हवेच्या अडथळ्यानें त्याची कक्षा हळूहळू खालावत गेली.

अग्निबाण चढतांनाचें दृश्य याहून किती निराळें! त्याच वर्षीं १४ फेब्रुवारीस श्रीहरिकोट्याहून भारताचा पीएसएलव्ही-सी५२ पहाटे ५ वाजून ५९ मिनिटांनीं निघाला. अशा वेळीं जमिनीवर अंधार असतो. परंतु उंच गेलेल्या धुराच्या लोटाला क्षितिजाखालील सूर्याचे किरण आधींच गांठतात आणि तो उजळून निघतो. त्या उड्डाणाचा मुहूर्त अगोदर जाहीर होतो, नौकांना व विमानांना सूचना जातात, लोक माना उंचावून वाट पाहतात.

अनियंत्रित उतरणाऱ्या टप्प्याला असा मुहूर्त नसतो. वरच्या हवेची घनता सूर्याच्या चळवळीप्रमाणें बदलते, म्हणून पतनाची वेळ नेमकी सांगतां येत नाहीं. गणितांत अवघ्या पंधरा मिनिटांची चूक झाली, तरी पतनाचें स्थळ सुमारें ७,००० किलोमीटर पुढेंमागें होतें. बुलढाण्यास आधीं इशारा द्यावयाचा, तर तो अर्ध्या जगासच द्यावा लागला असता!

अशा पतनापासून भूमीवर नुकसान झाल्यास त्याची संपूर्ण जबाबदारी उड्डाण करणाऱ्या राष्ट्रावर राहते, असें १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो. सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा उपग्रह १९७८ मध्यें कॅनडांत कोसळला. १९८१ मध्यें त्याबद्दल ३० लक्ष कॅनेडियन डॉलर देण्याचें ठरलें. पण भरपाई अपघातानंतरची. खरा उपाय आधींचा आहे. थोडें इंधन राखून ठेवावें, आणि काम संपतांच ती वस्तु निर्जन सागरावर उतरवावी. ७ मार्च २०२३ रोजीं इस्रोनें मेघा-ट्रॉपिक्स-१ हा आपला जुना उपग्रह याच रीतीनें पॅसिफिक महासागरावर आणून नष्ट केला. राखलेल्या इंधनाचें वजन उपग्रहाच्या वांट्यांतून जातें, आणि तेंच वांचविण्याचा मोह राष्ट्रांना आवरत नाहीं.

लोणारवर आदळलेला पाषाण कोणीं धाडलेला नव्हता. त्याबद्दल कोणास जाब विचारावयाचा? लाडबोरीचें कडें मात्र माणसानें घडविलें आणि माणसानेंच वर धाडलें. वर कसें न्यावें याचें जितकें सूक्ष्म गणित तो मांडतो, तितकेंच खालीं कोठें आणावें याचेंहि त्यानें मांडावें, एवढीच गांवकऱ्यांची मागणी असूं शकेल. आणि ती अवास्तव नाहीं.