विस्थापितांची भाषा, यजमानांचा धीर

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले आणि खारकीव्ह, मारिउपोल, दोनेत्स्क या भागांतील असंख्य कुटुंबे पश्चिमेकडील ल्वीवसारख्या नगरांत आश्रयास आली. देश तोच, परंतु यांतील अनेकांच्या घरातील भाषा रशियन आणि नव्या गावाचा व्यवहार युक्रेनियन. ही दरी आपोआप पडलेली नाही. १८७६ च्या एम्स फर्मानाने झारने युक्रेनियन ग्रंथांच्या मुद्रणावर कठोर निर्बंध लादले. पुढे सोव्हिएत राजवटीतही पूर्वेकडील औद्योगिक नगरांत रशियनचेच वर्चस्व राहिले.

या विस्थापितांसाठी स्वयंसेवकांनी विनामूल्य संभाषणवर्ग सुरू केले. येणाऱ्या बहुतेकांना भाषा समजते. मात्र बोलताना चूक होईल, कोणी हसेल, या संकोचाने जीभ अडखळते. म्हणून येथे व्याकरणाच्या कोष्टकांपेक्षा बाजार, दवाखाना, मुलांची शाळा येथील संवादांना महत्त्व येते.

युक्रेनियनमध्ये मराठीप्रमाणेच संबोधन विभक्ती जिवंत आहे. ‘ओलेना’ला हाक मारताना ‘ओलेनो’ म्हणतात. रशियनमध्ये हे रूप जवळजवळ लोपले आहे. त्यामुळे शेजारणीला साधी हाक मारणे, हाही नवागताला एक धडाच असतो.

स्वभाषेचा अभिमान न्याय्यच आहे. परंतु घर गमावलेल्या माणसापुढे भाषा परीक्षा म्हणून उभी केली, तर तो मुका होतो. आधार म्हणून दिली, तर तो आपला होतो. चुकलेली हाक ऐकूनही जो यजमान प्रेमाने ‘ओ’ देतो, तोच भाषेचा खरा शिक्षक होय.