जनरल रजिस्टर कुठे ठेवायचं?



या मेळाव्याची नोंदणी आणि विद्यार्थी मदत निधीचा हिशेब ज्या वेबसाइटवर आहे, ती कुठे ठेवायची हे ठरवायचं काम समितीने माझ्याकडे दिलं होतं. 'क्लाउड' म्हटलं की मागचे बाक झोपतील, म्हणून शाळेच्या ऑफिसपासूनच सुरुवात करतो.

ऑफिसला एक खिडकी होती आणि आत कपाटात जनरल रजिस्टर. खिडकी म्हणजे आपलं ॲप्लिकेशन, रजिस्टर म्हणजे डेटाबेस. खिडकीची काच फुटली तर दुपारपर्यंत दुसरी बसते. रजिस्टर गेलं तर आपली जन्मतारीखच गेली! म्हणून खिडकीसाठी मी सगळ्यात लहान मशीन घेतलं. डेटाबेस मात्र 'मॅनेज्ड' घेतला. रोजचा बॅकअप कंपनी घेते, आणि कोणी चुकून नावं पुसली तर काल दुपारी तीन वाजता जसं होतं तसं परत आणता येतं. महाग पडतो. तिथे मी काटकसर केली नाही.

एकाने सुचवलं, वेबसाइट अमेरिकेत स्वस्तात ठेवू, डेटाबेस इथे असू दे. पण तिकडून इथे एक प्रश्न विचारून उत्तर यायला साधारण पाव सेकंद लागतो. एका पानासाठी वीस प्रश्न, म्हणजे पाच सेकंद. तेवढ्यात आपली मंडळी फोन ठेवून चहाला जातात. ॲमेझॉनची केंद्रं मुंबईत २०१६ पासून आहेत. दोन्ही इथेच ठेवलं.

बॅकअप मात्र मुंबईत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा माझं ऑफिस मरोळला तळमजल्यावर होतं. सर्व्हर टेबलाखाली, आणि बॅकअपच्या सीडी त्याच टेबलाच्या खालच्या खणात. शहाणपणा माझाच. सहा वर्षांचं काम चिखलात गेलं, आणि दोन गिऱ्हाइकांना तोंड दाखवायची लाज वाटली ती अजून गेलेली नाही. आपली प्रत हैदराबादला जाते. तिथे २०२२ पासून सोय झाली आहे.

गेल्या महिन्यात ती प्रत उघडून पाहिली. उघडली, पण शेवटच्या दिवशीच्या अकरा नोंदी तिच्यात नव्हत्या. प्रत रात्री निघते, नोंदी संध्याकाळच्या. आता दर सहा तासांनी काढतो.

एक गोष्ट अजून बिघडलेली आहे. खातं माझ्या ईमेलवर आणि बिल माझ्या कार्डावर आहे. कार्डाची मुदत संपली आणि मी नेमका हॉस्पिटलात असलो, तर बिल थकेल, खातं बंद पडेल. जूनमध्ये याच हिशेबातून मुलांची फी भरायची आहे. समितीच्या नावाने खातं काढून त्याच्या दोन चाव्या करायच्या आहेत. दुसरी चावी घेणाऱ्याला कॉम्प्युटर आला नाही तरी चालेल, फोन उचलणारा हवा. मी बटाटेवड्यांच्या टेबलापाशी आहे.