पदपथाची कड

‘आंधळ्याच्या गाई देव राखतो’ अशी मराठींत एक जुनी म्हण आहे. ईश्वराची कृपा झाली तर पांगळाही पर्वत ओलांडून जातो, अशी श्रद्धाही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. या दोन्ही वचनांत करुणा आहे. परंतु त्या करुणेच्या पोटांत एक सोयही दडलेली आहे. गाई राखण्याचें काम एकदां देवाकडे सोंपवलें, कीं गांवाला त्यांतून मोकळें होतां येतें. पर्वताची गोष्ट दूरच राहो. शहरांतल्या पांगळ्या मनुष्याला घरासमोरचा पदपथच ओलांडतां येत नाहीं, आणि तेथें ईश्वराच्या कृपेइतकीच नगरपालिकेच्या गवंड्याची कृपाही अगत्याची असते.

पदपथाची कड ती केवढी! भारतांतील रस्त्यांचे दंडक ठरविणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनें २०१२ सालीं पादचाऱ्यांच्या सोयीसंबंधीं जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत ही कड १५ सेंटिमीटरपेक्षां उंच नसावी आणि पदपथावर निदान १.८ मीटर रुंदीची वाट मोकळी असावी, असें सांगितलें आहे. १५ सेंटिमीटर म्हणजे पुरती एक वीतही नव्हे. धडधाकट मनुष्य ती कड चढतो तेव्हां आपण कांहीं चढलों, याची त्याला जाणीवही होत नाहीं. परंतु चाकांच्या खुर्चीचीं पुढचीं लहान चाकें त्या कडेला जाऊन भिडलीं, म्हणजे तीच वीतभर कड भिंत होऊन उभी राहते. त्या भिंतीवरील उपाय कोणत्याही गवंड्याला ठाऊक असलेला आहे. जेवढी उंची चढावयाची तिच्या बारापट लांबीची उतरण केली, म्हणजे खुर्चींतला मनुष्य आपल्या हातांच्या बळावर चढूं शकतो. १५ सेंटिमीटर उंचीला १८० सेंटिमीटरांची उतरण पुरते. एका मनुष्याच्या उंचीइतकी लांब अशी ही सिमेंटची पट्टी. तिच्या असण्यानसण्यावर एखाद्याचें घराबाहेर पडणें अवलंबून असतें.

समजा, एक वयोवृद्ध शिक्षिका आहेत. पक्षाघातानंतर त्या चाकांच्या खुर्चींत बसून हिंडतात. त्यांचें निवृत्तिवेतन ज्या बँकेंत जमा होतें, ती घरापासून चार फर्लांगांवर आहे. सकाळीं त्या निघतात. पहिल्या कोपऱ्यावर नवी उतरण झालेली आहे. तेथें त्या सहज चढतात. पुढें पदपथावर विजेची पेटी उभी आहे. तिच्या आणि कुंपणाच्या मधून खुर्ची जेमतेम निघते. त्यापुढें प्रत्येक इमारतीच्या फाटकासमोर मोटारी आंत घेण्यासाठीं पदपथ कापलेला आहे. तेथें एकदम खालीं घसरावें आणि पुनः वर चढावें लागतें. कोठें दुचाक्या ओळीनें उभ्या आहेत, कोठें दुकानदारानें पाटी मांडली आहे. अखेरीस त्या वाहत्या रस्त्यांत उतरतात आणि मोटारींच्या भोंग्यांत जीव मुठींत धरून बँकेच्या दारापर्यंत येतात. दाराशीं गुळगुळीत फरशीच्या तीन पायऱ्या आहेत. आंतील कारकून सज्जन आहे. तो कागद घेऊन बाहेर येतो आणि पदपथावरच बाईंची सही घेतो. सर्व येणारेजाणारे पाहत असतात. ज्या बाईंनीं चाळीस वर्षें वर्गांत ताठ मानेनें शिकविलें, त्यांची ही सही उघड्या रस्त्यावर होते. पुढच्या महिन्यापासून त्या पुतण्याच्या हातीं कागद देऊन पाठवितात आणि स्वतः घरींच राहतात.

या प्रवासांत पहिल्या कोपऱ्यावरील उतरण चांगली होती, परंतु तिचा उपयोग शून्य झाला. रस्ता हा सांखळीसारखा असतो. नऊ कड्या बळकट आणि दहावी तुटकी असेल, तर ती सांखळी तुटलेलीच समजावयाची. पांच उतरणी बांधून सहाव्या ठिकाणीं पायरी ठेवणाऱ्या शहरानें पांच उतरणींचा खर्च तर केलाच, आणि शिवाय शिक्षिकांना घरींच बसविलें.

२०११ च्या जनगणनेंत भारतांत २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ति मोजल्या गेल्या. त्यांपैकीं साडेएकोणतीस लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रांत होत्या. त्यांतील सुमारें एक पंचमांश हालचालीच्या दृष्टीनें अपंग, आणि जवळजवळ तितक्याच दृष्टीनें अधू. आजच्या सरकारी भाषेंत त्यांना दिव्यांग म्हणतात. शब्द बदलला हें ठीकच; परंतु इतकीं माणसें आहेत, तर तीं रस्त्यांत दिसत कां नाहींत? एखाद्या कचेरींत उतरण मागावयास जावें, तर उत्तर मिळतें, “येथें तसें कोणी येतच नाहीं, उतरण कोणासाठीं बांधावयाची?” पायरी आहे म्हणून ते येत नाहींत, आणि ते येत नाहींत म्हणून पायरी राहते. हें चक्र कोठें तरी तोडावें लागतें.

तें तोडण्याचा एक प्रसिद्ध दाखला अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांतला आहे. एड रॉबर्ट्स नांवाच्या मुलाला १९५३ सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं पोलिओ झाला आणि मानेखालचें जवळजवळ सर्व शरीर लुळें पडलें. श्वासासाठीं त्याला ‘लोखंडी फुप्फुस’ म्हणतात त्या पिंपासारख्या यंत्रांत झोपावें लागे. १९६२ सालीं तो बर्कली येथील विद्यापीठांत दाखल झाला, तेव्हां तें अवजड यंत्र मावेल असें वसतिगृहच नव्हतें. शेवटीं विद्यापीठाच्या रुग्णालयांत त्याची राहण्याची व्यवस्था झाली. त्याच्या पाठोपाठ आणखी कांहीं अपंग विद्यार्थी आले. विद्यापीठाचे वर्ग हळूहळू त्यांना खुले झाले. परंतु विद्यापीठाच्या दाराबाहेर पाऊल टाकलें, कीं प्रत्येक चौकांत पदपथाची कड आडवी येई. पुस्तकाचें दुकान समोर दिसे, पण तेथवर जातां येत नसे.

या तरुणांनीं दया मागितली नाहीं. त्यांनीं नगरसभेकडे रस्ता मागितला. चौकांच्या कडा कापून उतरणी कराव्या, हें धोरण १९७१ सालीं बर्कलीच्या नगरसभेनें स्वीकारलें. कांहीं तरुणांनीं रात्रीं गुपचूप जाऊन कडा फोडल्या, अशी एक चटकदार आख्यायिका सांगतात. परंतु खरें काम झालें तें दिवसाढवळ्या, अर्ज, नकाशे आणि सभा यांच्या चिकाटीनें. उतरणीची ही कल्पना अगदींच नवी होती असेंही नव्हे. दुसऱ्या महायुद्धांतून जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांसाठीं मिशिगन संस्थानांतील कॅलमाझू गांवीं १९४० च्या दशकांतच अशा उतरणी करून पाहिल्या होत्या. बर्कलींत नवी गोष्ट घडली ती ही, कीं सुटी उतरण जाऊन तेथें सलग वाट आली. आणि रॉबर्ट्सचें काय झालें? ज्या सरकारी पुनर्वसन खात्यानें त्याला कधींही काम करूं न शकणारा ठरविलें होतें, त्याच खात्याचा तो १९७० च्या दशकांत प्रमुख झाला.

उतरणी झाल्यावर एक अनपेक्षित गोष्ट दिसून आली. बाळाची गाडी ढकलणारी आई, ओझ्याची गाडी ओढणारा हमाल, गुडघे धरलेले आजोबा, सामानासह निघालेला प्रवासी, सर्वच त्या उतरणीवरून जाऊं लागले. थोड्यांसाठीं केलेली सोय सर्वांची झाली. परंतु एका वर्गाला मात्र तिच्यामुळें नवी अडचण उत्पन्न झाली, आणि ती प्रांजळपणें सांगितली पाहिजे. अंध मनुष्य काठीनें वाट चांचपतो. पदपथ कोठें संपला आणि वाहत्या रस्त्याला कोठें आरंभ झाला, हें त्याला कडेवरून कळतें. कड सपाट केली कीं त्याची खूणच पुसली जाते. एकाची भिंत ती दुसऱ्याची खूण होती!

या पेंचाचें उत्तर जपानांतून आलें. ओकायामा शहरांतील सेइइची मियाके या गृहस्थांनीं १९६५ सालीं पायांना आणि काठीला जाणवतील अशा उंचवट्यांच्या फरशा तयार केल्या. १८ मार्च १९६७ रोजीं त्या शहरांतील अंधशाळेजवळच्या एका चौकांत त्या प्रथम बसविण्यांत आल्या. त्यांची लिपि अगदीं साधी आहे. लांब पट्ट्या असल्या तर ‘पुढें चला’. गोल ठिपके असले तर ‘थांबा, सावध व्हा’. उतरणीच्या पायथ्याशीं ठिपक्यांची ओळ बसविली, कीं खुर्चीला वाट मिळते आणि काठीला खूणही मिळते. भारतांत दिल्लीची मेट्रो २००२ च्या डिसेंबरांत सुरू झाली, तेव्हांपासून अशा पिवळ्या फरशा नागरिकांच्या परिचयाच्या झाल्या.

परिचय झाला, पण अर्थ पोंचला कीं नाहीं याची शंका येते. आपल्या शहरांतल्या कित्येक पदपथांवर ही पिवळी ओळ झाडाच्या बुंध्याशीं किंवा दिव्याच्या खांबाशीं जाऊन संपते. कोठें तिच्यावर फेरीवाल्याची हातगाडी उभी असते. फरशी बसविणाऱ्यानें तिला शोभेची नक्षी मानलें. अंधाला मात्र ती वाक्यासारखी वाचावी लागते, आणि तें वाक्य त्याला खांबावर नेऊन आदळतें. उतरणींचीही तीच कथा. स्कूटर चढविण्यापुरता उभा चढ करून त्याला उतरण म्हणावयाचें. उतरण नीट केली तर तिच्या तोंडाशीं कुलूप घातलेलें फाटक लावावयाचें. उद्‌वाहन बसवावें तर तेथवर जाण्यास चार पायऱ्या ठेवावयाच्या. हे दोष पैशाच्या टंचाईचे नव्हेत. ज्याला तेथून जावयाचें आहे, त्याला काम होण्यापूर्वीं एकदांही विचारलें नाहीं, एवढेंच त्यांचें मूळ.

आपल्या देशांत इच्छा झाली म्हणजे काम किती त्वरेनें होतें, याचा एक दाखला स्मरणीय आहे. जानेवारी २००१ मध्यें जगद्विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीस आले. ते चाकांच्या खुर्चीवांचून हिंडूं शकत नसत, आणि त्यांना तेथील जुन्या वास्तु पाहावयाच्या होत्या. अपंगांच्या हक्कांसाठीं झगडणारे जावेद आबिदी यांनीं आग्रह धरला. ते स्वतःही खुर्चींतूनच वावरत. तेव्हां जंतरमंतर, कुतुबमिनार अशा ठिकाणीं तात्पुरत्या लाकडी उतरणी उभ्या राहिल्या. थोर पाहुण्याचा सत्कार उचितच झाला. परंतु त्याच दिल्लींत राहणारीं आणि त्याच वास्तु पाहूं इच्छिणारीं हजारों माणसें खुर्चींत बसून होतीं. पाहुण्यासाठीं जें चार दिवसांत होतें, तें रहिवाशांसाठीं वर्षानुवर्षें कां होत नाहीं?

कायदा आतां रहिवाशांच्या बाजूस आहे. १९९५ सालीं पहिला कायदा झाला; त्याची जागा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें घेतली. अस्तित्वांत असलेल्या सर्व सार्वजनिक इमारती नियम झाल्यापासून पांच वर्षांत सुगम कराव्या, असें हा कायदा म्हणतो. नियम जून २०१७ मध्यें झाले. म्हणजे ती मुदत २०२२ मध्येंच सरली. एका दृष्टिहीन नागरिकानें २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयांत या विषयावर दाद मागितली होती. त्या प्रकरणांत ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं न्यायालयानें स्पष्ट सांगितलें, कीं सुगमतेचे दंडक केवळ शिफारशीच्या स्वरूपांत ठेवणें हें मूळ कायद्याशीं विसंगत आहे. पाळलेच पाहिजेत असे किमान नियम सरकारनें करावे. उतरण हें दान नसून देणें आहे, हाच त्या निकालाचा इत्यर्थ.

तथापि न्यायालयाचा निकाल प्रत्येक फाटकापर्यंत चालत जात नाहीं. पदपथ नगरपालिका बांधते, परंतु त्याचे तुकडे बहुधा सुशिक्षित माणसेंच करतात. मोटार आंत घेण्यासाठीं पदपथ तोडणारी गृहसंस्था, दुचाकी ‘पांचच मिनिटें’ म्हणून उतरणीवर लावणारा गृहस्थ, दवाखान्याच्या दाराशीं शोभेच्या पायऱ्या घालणारा डॉक्टर, यांपैकीं कोणीही दुष्ट नसतो. त्यांपैकीं कोणाच्या डोळ्यांपुढें त्या शिक्षिका नसतात, एवढेंच. आणि म्हातारपण तर कोणाच्याच घरीं यावयाचें चुकत नाहीं. आज जो पायरी बांधतो, तोच उद्यां तिच्यासमोर थबकून उभा राहतो.

म्हणून ज्यांच्या कानीं हें भाषण पडत आहे, त्यांनीं उद्यां सकाळीं एक लहानसा प्रयोग करावा. आपल्या दारापासून जवळच्या टपालकचेरीपर्यंत चालत जावें आणि वाटेंत चाकांना अडवील अशी प्रत्येक कड, पायरी, पेटी आणि दुचाकी मोजावी. मग त्यांतली जी अडचण स्वतःच्या फाटकाशीं असेल ती आधीं दूर करावी, आणि उरलेल्यांची यादी सहीनिशीं नगरपालिकेकडे द्यावी. आंधळ्याच्या गाई देव राखतो, हें खरेंच असेल. परंतु त्या आंधळ्याला रानापर्यंत जाण्याची वाट गांवानेंच मोकळी ठेवावयाची असते.