प्रेमाचें बंधन



प्रेम या विषयावर बोलण्याचा मला कांहीं विशेष अधिकार आहे, असा माझा दावा नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. आयुष्य गेलें तें वाशीम जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या शाळांतून मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यांत. पण साठी उलटलेल्या माणसानें प्रेम केलेलें असतें, प्रेम घेतलेलें असतें आणि प्रेमाच्या नांवाखालीं एखाददुसरी चूकही केलेली असते. तेवढ्याच शिदोरीवर आज बोलणार आहें.

प्रथम एका शब्दाकडे आपलें लक्ष वेधतों. आमच्या वऱ्हाडांत एखादी बाई लेकराला पोटाशीं धरते, तेव्हां शेजारीण कौतुकानें म्हणते, "लय माया करते पोरावर." त्याच गांवांत, त्याच संध्याकाळीं कीर्तनकार बुवा सांगतात, "ही सर्व माया आहे. तिच्यांत गुंतूं नका." शब्द एकच. घरांत तें प्रेमाचें नांव आहे, देवळांत तें भ्रमाचें नांव आहे. आणि ऐकणारी बाई तीच! बुवांचें म्हणणें तिला पटतें. घरीं जाऊन ती पुन्हां लेकराला कुशींत घेते. यांत तिला कांहीं विसंगति वाटत नाहीं. लौकिक प्रेम आणि पारमार्थिक प्रेम यांचा म्हणून जो झगडा सांगतात, तो सगळा या एका शब्दांत सांठविलेला आहे. प्रेम माणसाला बांधतें कीं सोडवितें?

या प्रश्नाचीं दोन उत्तरें आमच्या एकाच जिल्ह्यांतील दोन गांवांच्या कथांत सांपडतात. एक गांव वाशीम आणि दुसरें कारंजें.

वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. इसवी सनाच्या चवथ्या व पांचव्या शतकांत येथें वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. १९३९ सालीं सांपडलेल्या ताम्रपटानें या शाखेचा इतिहास उजेडांत आला. या शाखेचा मूळपुरुष राजा सर्वसेन हा स्वतः कवि होता. त्यानें महाराष्ट्री प्राकृतांत 'हरिविजय' नांवाचें काव्य रचिलें. आज तें समग्र उपलब्ध नाहीं. नंतरच्या ग्रंथकारांनीं घेतलेले उतारे तेवढे उरले आहेत. विषय मात्र आपल्या परिचयाचा आहे. रुसलेल्या सत्यभामेसाठीं श्रीकृष्णानें स्वर्गांतून पारिजात आणिला, ती ही कथा. देवालाही घरांतला रुसवा काढावा लागतो, हें वाशीमच्या राजानें ओळखिलें होतें.

पुढें दहाव्या शतकाच्या आरंभीं राजशेखर कवीनें आपल्या 'काव्यमीमांसा' या ग्रंथांत याच नगराची एक गोड कथा सांगितली. काव्यपुरुष हा सरस्वतीचा पुत्र. आईनें आपल्याला बरोबर नेलें नाहीं म्हणून तो रागावून घर सोडून निघाला. त्याचा सवंगडी कुमार कार्तिकेय रडूं लागला. तेव्हां गौरीनें विचार केला कीं, प्राण्यांना प्रेमाखेरीज दुसरें बंधन बहुधा नसतेंच. आणि तिनें साहित्यविद्या नांवाची वधू निर्माण करून त्याच्यामागें धाडिली. ती त्याच्यामागून देशोदेशीं फिरली. ज्या देशांत जाई तेथें निराळा वेष करी, निराळें नृत्य करी. पूर्वेस तो वळला नाहीं. पांचालांत थोडा वळला. अखेर विदर्भांत त्याचा राग पुरता विरघळला आणि मदनाचें क्रीडास्थान जें वत्सगुल्म नगर, तेथें त्यांचा गांधर्व विवाह झाला.

या कथेंत मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. गौरीच्या मनांत बंधन घालण्याचेंच होतें; पण त्या वधूनें पाश टाकिला नाहीं, वाट अडविली नाहीं. ती त्याच्या वाटेनें चालत राहिली, आणि तो वळला तो आपल्या खुषीनें.

आतां कारंज्यास चला. येथें चौदाव्या शतकांत नृसिंह सरस्वतींचा जन्म झाला. गुरुचरित्रांतील त्यांच्या बालपणाची कथा पुष्कळांच्या घरीं वाचली जाते. परंतु पारायणाच्या घाईंत आपण त्या माउलीकडे नीटसें पाहत नाहीं. बाळाचें नांव नरहरि. मुलगा ओंकाराखेरीज कांहीं बोलेना. मुंजीच्या दिवशीं आईनें भिक्षा घातली आणि त्यानें तोंड उघडलें तें वेदमंत्र म्हणण्यासाठीं. ज्या वाणीसाठीं आईनें इतकीं वर्षें देव पाण्यांत घातले असतील, त्या वाणीनें लवकरच तिच्यापाशीं मागितली ती घर सोडून जाण्याची आज्ञा! तिनें आकांत केला. आणि येथें, श्रोतेहो, जरा थांबण्यासारखें आहे. मुलगा विरक्त होता, अवतारी होता. तरी तो आईचा हात झटकून गेला नाहीं. तुला आणखी पुत्र होतील असें त्यानें तिला आश्वासन दिलें आणि तोंवर तो घरीं राहिला. जुळे भाऊ जन्मले, ते तीन महिन्यांचे झाले, आणि मगच त्यानें आईबापांचा निरोप घेतला. पुढें संन्यास घेऊन बऱ्याच वर्षांनीं ते कारंज्यास परत आले व मातापित्यांना भेटले. वैराग्यानेंही मायेचें देणें चुकतें केलें, असें मी या कथेचें तात्पर्य समजतों.

कारंजें हें दत्तभक्तांप्रमाणेंच जैनांचेंही जुनें विद्यास्थान आहे. त्यांच्या तत्त्वार्थसूत्रांत चार भावना सांगितल्या आहेत: सर्व जीवांविषयीं मैत्री, गुणवंतांविषयीं प्रमोद, दुःखितांविषयीं कारुण्य आणि उद्धटांविषयीं माध्यस्थ्य. या यादींत आपला आणि परका हा भेद कोठेंच नाहीं. धर्माचा आक्षेप आपल्या प्रेमाला आहे असें आपण समजतों. खरा आक्षेप त्याच्या कुंपणाला आहे.

हें सर्व मीं शाळेंत अनेकदां सांगितलें. पण सांगणें निराळें आणि प्रसंग पडणें निराळें. तो प्रसंग आज आपणांस सांगतों.

माझ्या थोरल्या मुलानें आधींच गांव सोडलें होतें. धाकटा जवळ राहील, शेत पाहील, अशी माझी आशा. त्यानें मात्र दूर ईशान्येकडील एका नोकरीसाठीं अर्ज केला होता. आमच्या गांवीं पुष्कळसें टपाल शाळेंत येत असे. एके दिवशीं त्याच्या नांवाचा लखोटा आला. आंत नेमणुकीचें पत्र असणार, हें मीं ओळखलें. मीं तो लखोटा एका जुन्या हजेरीपटांत घातला आणि कपाट बंद केलें.

चार दिवस तो तेथें होता. तिकडची थंडी त्याला सोसणार नाहीं, भाषा येणार नाहीं, आईला दम्याचा विकार आहे, असें मी स्वतःशींच म्हणत होतों. प्रेमाला सबबींचा तुटवडा कधीं पडत नाहीं. तें सारें मी त्याच्या हितासाठींच करीत आहें, असें मला प्रामाणिकपणें वाटत होतें. चवथ्या रात्रीं मात्र झोंप येईना. उठलों आणि पत्नीला सांगितलें. ती सकाळसाठीं डाळ निवडीत बसली होती. तिनें मान वर केली नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "अहो, पत्र त्याच्या नांवाचं हाये. त्याले देऊन टाका."

दुसऱ्या दिवशीं मीं पत्र दिलें. मुदत थोडी उरली होती; तरी तो वेळेवर पोंचला. तिनें दशम्या बांधून दिल्या, एस. टी. च्या खिडकीशीं उभी राहून चार सूचना केल्या, आणि गाडी हलेपर्यंत डोळ्यांत पाणी येऊं दिलें नाहीं. पुढें कित्येक दिवस आमच्या घरीं भाकरी एक जास्तच होई. ती विसरून करी कीं जाणून, हें मीं तिला कधीं विचारलें नाहीं, आणि आतां विचारण्यास ती राहिली नाहीं.

ती कीर्तनाला जाई, आणि मुलांवर माया करी. बुवांच्या 'माये'चा आणि तिच्या मायेचा तिनें कधीं वाद घातला नाहीं. पण जें त्याचें होतें तें तिनें त्याला दिलें, आणि जें तिचें होतें तें दुःख तिनें स्वतःजवळ ठेविलें. लौकिक प्रेम कोणतें आणि पारमार्थिक कोणतें, याची याहून चांगली व्याख्या मला ग्रंथांत मिळाली नाहीं. माझें त्या चार दिवसांचें प्रेमही खोटें नव्हतें. त्याला फक्त मुलगा दिसत नव्हता. दिसत होतें तें त्याच्यावांचूनचें आपलें रिकामें घर.

त्या चार दिवसांची गोष्ट मीं माझ्या मुलाला आजवर सांगितलेली नाहीं. तो दर वर्षीं येतो, माझ्या प्रकृतीची चौकशी करितो, आणि मी बोलेन बोलेन म्हणतां त्याची परत जाण्याची वेळ होते. आज हें भाषण कदाचित् त्याच्याही कानांवर पडेल. पडलें तर बरें. न पडलें तर या दिवाळींत मी त्याला समोर बसवून सांगणार आहें. आपणां सर्वांसमक्ष बोललों, आतां मागें फिरतां येणार नाहीं.

आणि आपणांस एकच विनंति. आज रात्रीं निजण्यापूर्वीं आपापल्या कपाटांत एकदां पाहावें. मुलाचें, सुनेचें, भावाचें, कुणाच्या नांवाचें एखादें पत्र आपण प्रेमापोटीं दाबून तर ठेविलें नाहीं ना? असल्यास तें ज्याचें त्याला सकाळीं देऊन टाकावें.