खाल्लेले अंगी लागते, पण कुठे?



आपल्याकडे माणसाच्या तब्येतीची परीक्षा फार झटपट होते. अंगाने भरलेला दिसला की तो खात्यापित्या घरचा, आणि किरकोळ दिसला की त्याला खाल्लेले अंगी लागत नाही. अलीकडे याच्या उलटही ऐकू येते. बारीक माणसाला लोक म्हणतात, "तुझं बरं आहे बाबा, तुला काहीही खाल्लं तरी चालतं." या दुसऱ्या बोलण्यात मोठी फसगत आहे, आणि आज मी तिच्याविषयीच बोलणार आहे.

शरीर पाहून आहार ठरवावा, हा विचार आपल्याला नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात २१ व्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश अशा दोन्ही शरीरांचा विचार केला आहे. दोघांना एकच ताट वाढू नये, हे तिथे स्पष्ट आहे. स्थूल माणसाला पचायला जड पण पोषण बेताचे असे अन्न द्यावे; जव, वरी, कोद्रा, मूग, कुळीथ, आवळा असे पदार्थ त्यात येतात. कृश माणसाला उलट पचायला हलके पण पोषण करणारे द्यावे. त्यात दूध, तूप, भात येतात आणि जोडीला स्वस्थ झोप. मला त्या अध्यायातले विशेष वाटते ते आणखी एक. चांगले शरीर कोणते, हे सांगताना त्यात वजनाचा हिशेब नाही. ज्याचे मांस प्रमाणात आहे, बांधा रेखीव आहे, तो माणूस चांगला, असे म्हटले आहे. मांस, म्हणजे आजच्या भाषेत स्नायू. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कारण या दोघांखेरीज एक तिसरेही शरीर आहे, आणि ते आपल्या घराघरांत आहे. हातपाय काटकुळे, खांदे अरुंद, गाल बसलेले. पण सदऱ्याची पोटावरची दोन बटणे मात्र ताणलेली. हा माणूस काट्यावर उभा राहिला की वजन अगदी बेताचे. त्याला स्थूल म्हणावे तर लोक हसतील, आणि कृश म्हणून दूधतूप सुरू करावे तर पोट आणखी पुढे येईल.

या शरीराचा एक नामी दाखला २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी स्वतःचीच मापे त्यात दिली. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, तो दोघांचाही सारखाच होता, २२.३. फोटोतही दोघे साधारण सारख्याच अंगलोटाचे. पण चरबी मोजली तेव्हा युडकिनसाहेबांच्या अंगात ती शेकडा ९.१ निघाली आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात शेकडा २१.२! काटा दोघांना एकच सांगत होता आणि आतला मामला निराळा होता.

हे शरीर येते कुठून? नुसते बसून खाण्यातून, असे म्हणावे तर ते अर्धेच खरे. १९९३ साली याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोंची भरली. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोंची. आपली बाळे बारीक, पण कशाने बारीक? तर स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी. पाठीवरची चरबीची घडी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे 'बाहेरून लुकडे, आतून चरबीचे' हे शरीर पाळण्यातच दिसते. जी बाई शेतात राबते, पाणी भरते, तिच्या पोटी ते जन्मते. तिथे आळसाचा प्रश्नच कुठे येतो?

आता स्नायूंचे महत्त्व बघा. जेवणातून आलेली साखर साठवण्याचे मोठे कोठार म्हणजे स्नायू. कोठारच लहान असेल तर जास्तीचा माल कुठे जाणार? तो रक्तात घोटाळतो, यकृतात आणि पोटात चरबी होऊन बसतो. मग बारीक म्हणवणाऱ्या माणसाला चाळिशीच्या आतच मधुमेह निघतो, आणि घरचे म्हणतात, "अहो, पण हे तर कधी लठ्ठ नव्हतेच!"

तुमच्यापैकी पुष्कळांचा मुलगा, भाऊ किंवा पुतण्या मुंबईच्या उपनगरांत असेल. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली ही गावे आता केवढाली शहरे झाली आहेत! कोकणातून किंवा घाटावरून तिथे गेलेल्या माणसाचे ताट फारसे बदलत नाही, बदलते ते काम. भाताचा जो ढीग लावणीच्या चिखलात दिवसभर वाकणाऱ्यासाठी होता, तोच ढीग तो घाटकोपरला आठ तास खुर्चीवर बसून जिरवू पाहतो. वेसाव्याच्या कोळीवाड्यातही तेच. जाळे ओढणाऱ्याला भात शोभत होता. त्याच्या नातवाने रिक्षा चालवायला घेतली की भात तेवढाच राहतो आणि कालवणातली मासळी मात्र महागाईने कमी होते. वर स्टेशनाबाहेरचा वडापाव, दोन-चार कप गोड चहा आणि चहाबरोबर बिस्किटे. सगळे पिठाचे आणि साखरेचे, स्नायूला त्यात काय मिळाले?

तेव्हा आपले शरीर कोणत्या जातीचे, हे ओळखायचे कसे? काट्याची गरज नाही. एक सुतळी घ्या. टाचेपासून डोक्यापर्यंत उंचीइतकी कापा, मग ती दुमडून निम्मी करा. सरळ उभे राहून, श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध ती पोटाभोवती गुंडाळा. पोट आत ओढायचे नाही बरं का, इथे कोणी बघत नाही! दोन्ही टोके मिळाली तर ठीक. मिळाली नाहीत तर अंग किती का किरकोळ असेना, तुम्ही तिसऱ्या शरीराचे. शिंप्याची फीत असेल तर आपल्याकडच्या प्रौढ पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि स्त्रीला ८० ही हद्द समजतात. गरोदर बाईला अर्थात हे माप लावू नये.

या तिसऱ्या शरीराला उपाशी ठेवू नका. उपासाने आहेत ते स्नायूही झडतात. भात किंवा पोळी एक मूद, एक चतकोर कमी करावी आणि ती जागा घट्ट वरण, उसळ, पिठले, ताक, अंडे किंवा मासळी यांनी भरावी. चहातली साखर आधी निम्मी करावी. ज्वारी-नाचणीची भाकरी उत्तम, पण उत्तम म्हणून चार खाऊ नयेत. आणि स्नायूला काम द्यावे. चालणे चांगलेच, पण ओझे उचलणे, जिने चढणे, आपल्या जुन्या जोरबैठका यांवाचून तो वाढत नाही. ज्यांना मधुमेहाचे औषध चालू आहे त्यांनी ताटातला बदल डॉक्टरांना विचारून करावा.

खरोखरच कृश असलेल्या बाईची गोष्ट मात्र अगदी वेगळी. वांद्रे, खार, सांताक्रूझच्या वस्त्यांत २००६ पासून 'सरस' नावाचा एक मोठा प्रयोग झाला. ६५०० हून अधिक स्त्रियांनी त्यात भाग घेतला. निम्म्यांना गरोदर राहण्याआधीपासून रोज पालेभाजी, फळे व दूध घातलेला खाऊ दिला. बाकीच्यांना कांदा-बटाट्यासारख्या भाज्यांचा. ज्यांनी दिवस राहण्याआधी निदान तीन महिने पहिला खाऊ सुरू केला, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने वजनदार निघाली. तपासलेल्या स्त्रियांत गरोदरपणातला मधुमेहही शेकडा १२ वरून ७ वर आला. पण अगदी हडकुळ्या स्त्रियांच्या बाळांना वजनाचा लाभ झाला नाही. मी याचा अर्थ असा लावतो की तिच्या शरीराला आधी पोटभर जेवणच हवे होते. वाटीभर पालेभाजीने तिची भूक कशी भागणार? तिला भात कमी कर म्हणणे हा अन्याय होईल. तिने दोन घास जास्त खावेत, त्यावर तूप घ्यावे, शेंगदाणे, गूळ, दूध घ्यावे, आणि पालेभाजी त्याच्या जोडीला.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वरच्या वर्गांतल्या मुली तुमच्यासमोर बसतात. 'तीन महिने आधी' हा हिशेब घरी सांगायचा तर तो त्यांच्या आयांनाच सांगावा लागेल, आणि तोही लग्न ठरण्याच्या पुष्कळ आधी. शेवग्याचा पाला, राजगिरा, माठ यांना पैसे पडतच नाहीत म्हटले तरी चालेल. थालिपिठात चिरून घातले तर मुलीही कुरकुर करीत नाहीत. पेरूच्या दिवसांत पेरू आहेच.